फारसीचा रकाना

जुन्नरच्या शाळेच्या कमिटीचं पत्र आलं. हेडमास्तर या साली निवृत्त होणार, त्यांचा सत्कार ठरला आहे, त्या निमित्तानं एक लहानसं पुस्तक छापायचं आहे. तुम्ही या शाळेतून मॅट्रिकला बसलेल्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा शाळेच्या दिवसांच्या गोड आठवणी चार पानांत लिहून पाठवाव्यात. 'गोड' या शब्दाखाली तांबड्या शाईची रेघ ओढलेली होती. ती रेघ पाहिली आणि माझं डोकं फिरलं. काय आठवायचं हे यांनी ठरवायचं आणि आम्ही त्यावर नुसता पाक ओतून पाठवायचा. मी पत्राची घडी करून ते खिशात घातलं आणि कमिटीला काही कळवलं नाही. सत्काराला मात्र गेलो.

शाळेच्या अंगणात मांडव घातला होता. भाषणं झाली. हेडमास्तरांनी खेडवळ पोरांतून माणसं घडवली, असं तीन जणांनी तीन तऱ्हेनं सांगितलं. आमची तुकडी पुढच्या रांगेत बसवली होती, नमुना म्हणून. जेवणं झाल्यावर आम्ही पाचही जण आमच्या जुन्या वर्गात जाऊन बसलो. वकिलाचा मुलगा, तो आता स्वतःच वकील झालेला. जुन्नरातलेच दोघे चुलतभाऊ, एक पोस्टात आणि एक मास्तर. बेल्ह्याच्या वाण्याचा मुलगा, त्याचं दुकान आता बैलबाजाराच्या तोंडावर आहे आणि पोटही दुकानाच्या मानानं वाढलेलं आहे. पाचवा मी, डिंभ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, घोडेगावच्या कचेरीत कारकून.

पानाचं तबक फिरलं. कोण कुठल्या मास्तरांची नक्कल करायचा, कोण पाढ्याला अडला, सगळं निघालं. मग बेल्ह्याच्यानं मांडीवर थाप मारून विचारलं, की तो फारसीचा पेपर आठवतो का? सगळे खो खो हसायला लागले.

गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी. आमच्यात एक सहावा होता, हातानं कागद करणाऱ्या कागद्यांचा मुलगा. जात मुसलमान, पण हट्टानं चार वर्षं संस्कृत शिकला. ऐन मॅट्रिकच्या फॉर्मवर मात्र दुसरी भाषा म्हणून फारसी लिहून बसला, पुण्याला त्याच्या हातात फारसीचा पेपर पडला आणि गडी तीन तास कोरा कागद पाहत बसला. वकील डोळे पुसत म्हणाला, "एवढा हुशार, पण शेवटी जातीवर गेला." यावर चुलतभावांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

ही गोष्ट याआधी चारदा तरी माझ्यासमोर निघाली आहे. लग्नकार्यात भेटलो की निघतेच. दर वेळी मीही ओठ ताणून हसलो आहे. या वेळी हसलो नाही, कारण खिशात ते पत्र होतं आणि त्यांनी जे सांगितलं त्यातलं मुख्य तेच खोटं होतं, आणि ते खोटं माझं होतं.

आता सगळं नीटच सांगतो, कमिटीला रुचो न रुचो.

शाळा बाजारपेठेच्या मागच्या याच इमारतीत भरायची, तेव्हा ती भाड्याची होती. इंग्रजी चौथीपासून दुसरी भाषा घ्यावी लागे. ती एकच होती, संस्कृत, कारण शिकवणारे शास्त्रीबुवा एकटेच. कागदी चौथीत आला तेव्हा हेडमास्तर म्हणाले, फारसी घे, घरी मौलवीकडून शीक. आता जुन्नरातले मौलवी मुलांना कुराण वाचायला शिकवत, फारसीचं व्याकरण त्यांच्यापाशी कुठून येणार? त्यानं ते सांगितलं आणि मला संस्कृतला बसू द्या म्हणाला. शास्त्रीबुवांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बसू दे, पण वर्गात नको, ओट्यावर.

तो चार वर्षं ओट्यावर बसला. आम्ही आत तरटावर, बुवा पाटावर, आणि तो खिडकीच्या बाहेर. याबद्दल आमच्यापैकी एकालाही कधी काही वाटलं नाही. आज मला संताप येतो तो शास्त्रीबुवांचा नाही तितका आमचा, कारण बुवांना निदान त्याची टोचणी होती. पावसाळ्यात ओट्यावर शिंतोडे येत तेव्हा त्यांनी आपला पाट ओढत ओढत खिडकीपाशी नेला, म्हणजे त्याला कान देण्यासाठी गजांशी उभं राहावं लागू नये. थंडीत आम्ही कुडकुडत दार लावा म्हणायचो, तर म्हणत, खिडकी उघडी राहील, तुम्ही घोंगडी आणा. प्रश्न विचारून आम्ही सगळे दगडासारखे बसलो, की जरा थांबून भिंतीकडे पाहत म्हणायचे, "बाहेर कुणी सांगतं का?" मग खिडकीतून उत्तर यायचं. बुवा त्याच्याकडे न बघता "हं" म्हणायचे. तेवढ्या 'हं'वर त्याचा चेहरा दिवसभर उजळलेला असायचा.

त्याची वही तो खिडकीच्या चौकटीवर ठेवी आणि बुवा ती उचलून तपासत. आमच्यातल्या एका चुलतभावानं एकदा चोंबडेपणानं विचारलं, की बुवा, ती वही चालते का? बुवा म्हणाले, तुझ्या घरातली पोथी ज्या कागदावर लिहिली आहे तो कुणी केला? खरं होतं ते. आमच्या सगळ्यांच्या घरच्या पोथ्या, जमाखर्च, पत्रिका, सगळं त्याच्या बापानं आणि आज्यानं केलेल्या कागदावर. कागद देवघरापर्यंत जायचा. पोरगा ओट्यावर.

हा कागदाचा धंदा तेव्हाच बसत चालला होता. गिरणीचा कागद स्वस्त आणि गुळगुळीत, पेठेतले व्यापारीही तोच घ्यायला लागले होते. त्याचा बाप अर्धा दिवस कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून हौदातल्या लगद्यातून साचा वर काढायचा. त्या ओलीत उभं राहून गुडघे धरले होते. त्यानं पोराला आमच्यासमोरच सांगितलं होतं, "मॅट्रिक झालास तर हौद बुजवतो. न्हाई झालास तर माझ्या जागी उतर." त्या वेळी मॅट्रिक पास झालेल्याला कचेरीत नाही तर शाळेत जागा मिळायचीच. कागद्याचं सगळं घर त्या एका परीक्षेकडे डोळे लावून बसलं होतं, हे आम्हा पाचही जणांना पक्कं ठाऊक होतं.

फॉर्मची हकिकत आता. हेडमास्तर शिस्तीचे म्हणून आजही नाव आहे. त्यांची शिस्त अशी, की शनिवारी शाळा सुटताना सहाही जणांना बोलावून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. मजकूर मागून भरू, म्हणजे उशीर नको. माझं अक्षर चांगलं म्हणून भरायचं काम माझ्याकडे दिलं. रविवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसलो. त्यांनी एक यादी दिली: नाव, वय, जात, बापाचा धंदा. दुसरी भाषा यादीत नव्हती. ते पूजेला गेले.

मी पाच फॉर्म भरले. दुसऱ्या भाषेच्या रकान्यात पाचही ठिकाणी संस्कृत लिहिलं. सहावा घेतला. नाव लिहिलं, जात लिहिली, धंदा लिहिला आणि त्याच ओघात फारसी लिहिलं.

मुद्दाम नाही. कित्येक वर्षं मी स्वतःला हे विचारलं आहे. मनात असूया असती, राग असता, तर सांगायला काही कारण तरी असतं. काही नव्हतं. चार वर्षं मी त्याचा आवाज खिडकीतून ऐकला होता, आदल्याच आठवड्यात त्याच्याकडून एक रूप समजून घेतलं होतं, आणि तरी नाव वाचल्यावर हातानं आपलं आपण फारसी लिहिलं. माझ्या डोक्यात मुसलमान आणि संस्कृत असा रकानाच नव्हता. हेडमास्तरांनी पूजेवरून येऊन सहा फॉर्म मोजले, न वाचता सहाही ठिकाणी सही ठोकली आणि लिफाफा बंद केला.

परीक्षेला आम्ही पाच जण एका बैलगाडीनं नारायणगावला गेलो आणि तिथून टांग्यानं पुण्याला. पाचही जण वकिलाच्या मामाकडे उतरलो. कागदी त्याच्या लांबच्या नातलगांकडे वेगळा उतरला. नंबराच्या चिठ्ठीवर फक्त नंबर होता, विषय नव्हते. इंग्रजी, गणित ठीक गेलं. दुसऱ्या भाषेच्या दिवशी आम्ही पेपर देऊन एका श्लोकाच्या अर्थावरून भांडत भांडत बाहेर आलो, तर तो नळापाशी उभा. तोंड धुतलेलं होतं आणि सदऱ्याच्या बाह्या भिजलेल्या होत्या.

"मला फारसीचा पेपर दिला," तो म्हणाला.

त्यानं तिथल्या सुपरवायझरांना सांगितलं होतं, की मी संस्कृतचा आहे. त्यांनी फॉर्म मागवला, पाहिला, दाखवला. त्यावर फारसी, खाली त्याची सही. ते गृहस्थ वाईट नव्हते म्हणे. पण म्हणाले, तुझं नाव वाचून मीसुद्धा तेच दिलं असतं. तो तीन तास बसून राहिला, कारण लवकर उठायची परवानगी नव्हती. हे सगळं त्यानं आम्हांला हळू आवाजात सांगितलं. बेल्ह्याचा त्या वेळी पहिल्यांदा हसला. मी नळ सोडून पाणी प्यायला लागलो. मी लिहिलं असं तेव्हाच म्हणालो असतो तर एक वेळ निभावलं असतं. मी म्हणालो, उशीर झाला, चला.

जुन्नरला परतल्यावर हे शास्त्रीबुवांच्या कानावर गेलं. आम्हांला वाटलं ते म्हणतील, जाऊ द्या. उलट हा म्हातारा उपरणं नीट न घेता भर उन्हात शाळेत आला. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. मी दारात उभा राहिलो तेव्हा बुवांचा आवाज चढलेला होता.

"चार वर्षं ज्यानं माझ्याकडून संस्कृत घेतलं, तो फारसी लिहील कशाला? चूक शाळेची आहे. तसं पत्र आजच्या आज लिहा. खाली मी सही करतो."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला होता. पत्र लिहायचं म्हणजे कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्याचं लिहावं लागणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. मला त्याच्यापुढचंही दिसलं: सहाही फॉर्म तसेच भरलेले, सहाही रद्द होतील, निकाल लागायच्या आत माझी मॅट्रिक गेली. हेडमास्तर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "यानं आपल्या मनानं थोडंच लिहिलं असेल? त्यानंच सांगितलं असणार. का रे, त्यानंच सांगितलं ना?"

त्यांनी उत्तर माझ्या हातात आयतं ठेवलं. मी मान हलवली.

शास्त्रीबुवा माझ्याजवळ आले. इतक्या जवळून त्यांनी आम्हांला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "त्यानं स्वतःच्या तोंडानं तुला फारसी लिही म्हणून सांगितलं?"

"हो," मी म्हणालो.

ते एकदम म्हातारे दिसायला लागले. उपरणं सावरून गेले. पत्र लिहिलं गेलं नाही. ते लिहून उपयोग झाला असता की नाही, मला माहीत नाही. पण ते लिहायला निघालेला माणूस मी एका शब्दात घरी पाठवला.

निकाल लागला. सहा बसले, पाच पास. लहान गावाच्या नव्या शाळेला ही केवढी बढाई. सुपारी-नारळ वाटले, पाचही जणांचा फोटो निघाला, तो आजही हेडमास्तरांच्या खुर्चीमागे टांगलेला आहे. कागदी दुसऱ्या वर्षी पुन्हा बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं, संस्कृत तर त्याचं पाठच होतं. तो बसला नाही. बापाच्या जागी हौदात उतरला. आम्ही म्हटलं, घरची गरज असणार, आणि तो विषय आमच्यापुरता संपला. मला घोडेगावला कारकुनी मिळाली. ती खुर्ची खरी कुणाची, हे मी इतकी वर्षं त्याच खुर्चीत बसून विसरायचा प्रयत्न केला आहे.

आणि हे चौघे त्यावर हसत होते. दर वेळी जरा जास्त. मूळ गोष्टीत तो नळापाशी उभा होता. आताच्या गोष्टीत तो गाढवासारखा कोरा कागद पाहत बसतो आणि जातीवर जातो. आमच्या शाळेच्या आठवणींतली गोड आठवण ती हीच. मी त्यांना म्हणालो, "फारसी त्यानं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं. त्यानं मला काही सांगितलं नव्हतं. शास्त्रीबुवांपुढे मी खोटं बोललो."

बाहेर मांडवात हेडमास्तरांबरोबर फोटो काढायला मंडळी जमत होती. वकील घसा साफ करून म्हणाला, आज कशाला हे, मोठा दिवस आहे. मास्तर झालेला चुलतभाऊ म्हणाला, लहान होतो आपण. बेल्ह्याच्यानं पान तोंडात ढकललं आणि म्हणाला, राव, लई मनाला लावून घेतलंस, गंमत ती गंमत. मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडतील. तेवढंही त्यांना जमलं नाही. एकानं तरी 'हरामखोर' म्हटलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. ते उठून फोटोला गेले.

मी कागद्यांच्या मोहल्ल्यात गेलो. ऊन अजून भिंतींवर होतं, भिंतींना चिकटवून वाळत घातलेले कागद होते, पूर्वीच्या मानानं फार थोडे. तो दारात पाट घेऊन गुळगुळीत दगडानं एक ताव घोटत बसला होता. केस पांढरे झालेले, बापासारखाच एक गुडघा लांब करून बसलेला. मला पाहून हसला. "या पावणं," म्हणाला. "आज शाळंत कार्यक्रम हाय म्हनं." त्याला बोलावणं गेलं नव्हतं.

मी बसलो नाही. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. फॉर्मचं सांगितलं. त्यानं दगड थांबवला नाही.

"ते मला त्याच दिशी कळलं व्हतं," तो म्हणाला. "फॉर्म दावला ना त्यांनी. तुझं अक्षर मी वळखणार न्हाई व्हय? चुकून झालं असंल म्हनलं. एका पेपरानं काय, फुडल्या साली बसू."

इतकी वर्षं त्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. बेल्ह्याचा त्याच्या तोंडावर हसला तेव्हाही नाही. मला त्याचाही राग आला, खरं सांगतो. त्यानं मला भर बाजारात धरून विचारायला हवं होतं. मग मी पुढचं सांगितलं. शास्त्रीबुवा शाळेत आले होते, पत्र लिहा म्हणून भांडले होते, आणि त्यांनी विचारल्यावर मी हो म्हणालो होतो.

तेव्हा दगड थांबला.

"बुवा शाळंत आले व्हते? माझ्यासाठी?"

हो, म्हटलं.

त्यानं दगड खाली ठेवला. मग त्यानं सांगितलं, की निकालानंतर तो बुवांच्या घरी गेला होता. पोथीसाठी म्हणून घरचा सगळ्यात चांगला कागद निवडून घेऊन गेला होता, आणि पुन्हा एक वर्ष शिकवा असं विचारायचं होतं. बुवा अंगणात होते. त्याला पाहिलं आणि आत गेले. कागद घरच्या गड्याच्या हाती परत पाठवला. नंतर तो दोनदा गेला. रस्त्यात समोर आले तर बुवा गल्ली बदलायचे.

"मला वाटलं, नापास झालो म्हनून त्यास्नी लाज वाटती," तो म्हणाला. "त्यांच्याबिगर शिकणार कुणाकडं? म्हनून बसलोच न्हाई परत."

त्यानं ताव पाटावरून उचलून बाजूला ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असायला हवा होता.

"बुवांना जाऊन नऊ वर्सं झाली," तो म्हणाला. "आन् हे तू आत्ता मला सांगतोस."